एकेकाचा अंगठा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून कुठल्याही दिशेला दहा-बारा किलोमीटर आत जा. भादव्यात एक दृश्य हमखास दिसेल. पऱ्हाटी कंबरेला लागलेली, धुऱ्यावर एक माणूस उभा. डाव्या हातात फोन, ऊन लागू नये म्हणून पडद्यावर उजव्या हाताची सावली. ई-पीक पाहणी चाललेली असते. अ‍ॅप गट नंबर विचारतं, पिकाचं नाव विचारतं, मग फोटो मागतं. फोटो निघतो. चढत नाही. चक्र फिरत राहतं. माणूस शेवटी टेकाडाकडे चालू लागतो, कारण रेंज तिकडे आहे.

शेजारच्या वावरात दुसरा माणूस तेच करत असतो.

"तुही झाली का रे?"

"नाई ना."

"माहीबी नाई."

एवढं बोलणं होतं आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात.

रेंजचा राग मलाही येतो. पण खरा राग येतो तो या बोलण्यानंतर काहीच घडत नाही याचा. गावात किती जणांची पाहणी अडली, हे गावाला माहीत नसतं. सरकारच्या सर्व्हरवर ते असेल. गावाकडे नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ही पाहणी शेतकऱ्याच्या हाती आली. त्याआधी तलाठी लिहायचा, आणि पुष्कळदा घरी बसूनच लिहायचा. त्याची आठवण काढून कुणी हळहळू नये. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा चूक झाली तर अख्ख्या गावाला धरायला एक माणूस होता. आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे आणि चूकही ज्याची त्याचीच आहे.

फोनने माणसं जोडली असं आपण रोज ऐकतो. आमच्या तालुक्यात मला उलटं दिसतं. जिथे एकत्र उभं राहायला हवं, नेमकं तिथेच फोनने आपल्याला एकेकटं करून ठेवलं आहे. आणि त्यात यंत्राइतकाच आपलाही दोष आहे.

कारण एकत्र उभं राहणं आम्हाला शिकवावं लागू नये. कागदावर केळापूर आणि बोलण्यात पांढरकवडा असलेल्या याच तालुक्याने वीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की एका खेड्यातली बातमी दिल्ली हलवू शकते. किशोर तिवारी आणि त्यांची विदर्भ जनआंदोलन समिती यांचं काम पांढरकवड्यातून चालायचं. कापसाच्या पट्ट्यात शेतकरी जीव देत होते. सरकारदरबारी त्यांची पात्र आणि अपात्र अशी वाटणी व्हायची. सातबारा नावावर आहे का, कर्ज बँकेचं-सोसायटीचं आहे का, वसुलीचा तगादा होता का, असे प्रश्न मेल्यानंतर विचारले जायचे. जिच्या नावावर सातबारा नाही ती बाई जन्मभर निंदण-वेचण करूनही शेतकरी ठरायची नाही. त्या काळात समितीची प्रेस नोट ई-मेलने निघायची. शेतकऱ्याचं नाव, त्याचं गाव, आजवरचा आकडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

पत्रकार पी. साईनाथ 'द हिंदू'मध्ये लिहीत होते. परदेशी वाहिन्यांचे कॅमेरे कापसाच्या वावरात येऊ लागले. २००६ च्या ३० जूनला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलैला सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ च्या अर्थसंकल्पात ६०,००० कोटींची कर्जमाफी आली. तिवारींच्या नंतरच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो. तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या त्या ई-मेलचं वजन कुणी नाकारू शकत नाही.

ते वजन ई-मेलमुळे आलं नव्हतं. ई-मेल तेव्हा मुंबईच्या प्रत्येक कचेरीत होता, आणि त्यातून पांढरकवड्याचं दुःख कधी बाहेर पडलं नव्हतं. वजन यादीचं होतं. नाव आणि गाव लिहिलेली, रोज वाढणारी यादी. 'शेतकरी अडचणीत आहे' या वाक्याला मंत्री मान डोलावतो. नाव-गाव असलेल्या यादीला उत्तर द्यावं लागतं.

पण त्याच यादीतली एक गोष्ट मला अजून सलते. ती मेलेल्यांची यादी होती. जगणाऱ्यांची यादी आपण केली नाही. म्हणून २००८ ची माफी आली तेव्हा तिला दोन हेक्टरची अट लागली, आणि कोरडवाहू विदर्भातला सात-आठ एकरांचा शेतकरी पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. सात एकर कोरडवाहू म्हणजे पश्चिमेकडच्या बागायतदाराचे दोन एकरही नव्हेत, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. दिल्लीला कळलं नाही. कळवायला लागणारा कागद, म्हणजे गावोगाव कुणाकडे किती जमीन, किती ओलीत, किती कर्ज, हा आपल्याकडे तयार नव्हता. आजही नाही.

२०१७ कडे या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने एप्रिलमध्ये ठराव केला आणि १ जूनला शेतकरी संपावर गेला. हा ठराव महाराष्ट्रभर पोचवला तो व्हॉट्सअ‍ॅपने. दूध रस्त्यावर आलं, भाजीचे ट्रक अडले. आणि ३ जूनच्या पहाटे मुंबईत काही नेत्यांनी मुख्यमंत्र्यांशी बोलून संप मिटल्याचं सांगितलं, तर दिवस उजाडेपर्यंत 'आमचा मिटलेला नाही' असे मेसेज त्याच फोनवर फिरत होते. नेत्याने परस्पर मिटवलेला संप लोकांनी त्याच सकाळी परत हातात घेतला. फोनची ही ताकद मी मानतो, मनापासून मानतो. नेता असो की आमदार, बंद खोलीतला निर्णय लोकांच्या गळी उतरवणं आता पहिल्यासारखं सोपं राहिलेलं नाही.

२४ जूनला ३४,०२२ कोटींची माफी जाहीर झाली. आणि मग काय झालं ते आठवा. ऑनलाइन अर्ज. नवरा-बायको दोघांनी केंद्रावर यायचं, मशीनवर अंगठा द्यायचा. कोळपून, वेचून, पाण्यात हात घालून ज्याच्या बोटावरच्या रेषाच पुसल्या आहेत त्याचा अंगठा मशीन ओळखत नाही. सर्व्हर बसलेला. रात्री रांगेत चप्पल ठेवून नंबर लावायचा. मग ग्रीन लिस्टची वाट बघायची. संप सगळ्यांनी मिळून केला होता. माफी मात्र एकेकाला, एकेका अंगठ्याने मागावी लागली. ज्याचं नाव लिस्टमध्ये आलं तो घरी गेला, ज्याचं नाही आलं तो बँकेच्या पायरीवर एकटा उरला. जूनमधली ती गर्दी दिवाळीला कुठे होती? प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये आपलं नाव शोधत होता.

हा नमुना नंतर पक्का झाला. एक रुपयात पीकविमा होता त्या वर्षांत पाऊस तासाभरात वावर धुऊन न्यायचा आणि नियम सांगायचा, ७२ तासांत कळवा. कळवायचं प्रत्येकाने, आपापल्या फोनवरून. ढग अख्ख्या शिवारावर फुटतो, तक्रार गटागटाची. वीज गेलेली, फोन बंद पडलेला, नाल्याला पूर आलेला. कळवायचं राहून गेलं की विषय संपला. बाजूच्या वावराला भरपाई आणि याला नाही, म्हणून दोन शेजारी एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. ज्यांनी एकत्र कंपनीच्या दारात जायचं ते एकमेकांचे धुरे मोजत बसतात.

२०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, 'कपास किसान' अ‍ॅप आणलं. हमीभावाने कापूस द्यायचा तर नोंदणी त्यावरच. लांब धाग्याच्या कापसाला तेव्हा क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव. बाहेर भाव पडलेला, कारण ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उचललं आणि वर्षअखेरपर्यंत ते लावलंच नाही. म्हणजे ज्या वर्षी सीसीआयची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी तिच्या दारात जायला आधी आधार, मग सातबारा, मग पाहणीत कापसाची नोंद, मग स्लॉट. मघाशी धुऱ्यावर ज्याचा फोटो चढला नाही तो माणूस आता इथे अडतो. खेडा खरेदीवाला मात्र गाडी घेऊन अंगणात येतो. त्याला स्लॉट लागत नाही. त्याच्या फोनवर वणी, घाटंजी, आदिलाबाद इथला भाव सकाळीच आलेला असतो. शेतकऱ्याच्याही फोनवर भाव येतो, पण शेजाऱ्याने काल कितीला दिला ते त्याला ठाऊक नसतं. शेजारी सांगत नाही. पडत्या भावात दिला याची लाज वाटते, म्हणून शंभर रुपये वाढवून सांगतो. आणि हाही वाढवून सांगतो. अशी सगळ्या गावाची माहिती खोटी होते आणि व्यापाऱ्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.

ही लाज मोडायला हवी. मला वाटतं, या तालुक्यातलं सर्वांत मोठं काम आज तेच आहे.

अवनीची गोष्ट काढल्याशिवाय यादीचा विषय पुरा होत नाही. टी-१ वाघीण. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या या जंगलपट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. गुराखी, शेतकरी, सरपणाला गेलेली माणसं. शहरात तिच्यासाठी हॅशटॅग चालला, ऑनलाइन याचिकांवर सह्या झाल्या, मामला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ११ सप्टेंबर २०१८ रोजी कोर्टाने वनखात्याच्या आदेशात हात घालायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. रात्री का, पशुवैद्यक सोबत का नव्हता, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न धड झाला का, हे प्रश्न रास्त होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकानेही त्यावर बोट ठेवलं. वाघासाठी शहरातल्या माणसाचा जीव तुटतो याबद्दल माझी तक्रार नाही. तुटावाच.

पण दुसऱ्या दिवशी गावात फटाके वाजले, पेढे वाटले, आणि तो फोटो जगभर गेला. त्याआधीची दोन वर्षं गेली नाहीत. हातात काठ्या-कुऱ्हाडी घेऊन घोळक्याने वावरात जाणं, चार वाजता घराकडे पळणं, फुटलेला कापूस झाडावर तसाच राहणं, जागलीला जायला कुणी तयार नसल्याने रोही आणि रानडुकरांनी पीक आडवं करणं. किती दिवस कामं बंद राहिली? किती क्विंटल कापूस वेचायचा राहिला? किती गुरं गेली? बोराटी, लोणी आणि भोवतालच्या खेड्यांनी मिळून हा हिशेब मांडला असता, एका कागदावर, गावाच्या सहीने, तर शहरातल्या त्याच संवेदनशील माणसांपैकी पुष्कळांनी तो वाचला असता असं मला अजूनही वाटतं. शहराकडे याचिका होती, वकील होता, सह्यांचा आकडा होता. गावाकडे १३ मृत्यू होते आणि ते दुसऱ्याच्या बातम्यांत विखुरलेले होते. पुन्हा तेच. मेलेल्यांची मोजणी झाली. जगणाऱ्यांची कुणी केली नाही.

जगणाऱ्यांची यादी काय करू शकते ते अमेरिकेत दिसलं. मॉन्टगोमरी शहरात १९५५ च्या डिसेंबरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल करून काढली, म्हणून पहिल्या दिवशी बसगाड्या रिकाम्या धावल्या. पत्रकाचं काम तिथे संपलं. पुढे बहिष्कार ३८१ दिवस चालला तो याद्यांवर. कुणाकडे मोटार आहे, ती सकाळी कुठल्या कोपऱ्यावर थांबेल, कोणत्या मोलकरणीला किती वाजता कुठे उतरवायचं. आज आपण पत्रकाचं काम एका अंगठ्याने करतो, क्षणात करतो. मोटारींच्या यादीचं काम करायला कुणी बसत नाही.

आपल्याकडे शेतकरी चळवळीच्या शरद जोशींचं उदाहरण आहे. टपाल खात्यात अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. जगाची पत्रं कशी फिरतात हे ज्याने आतून पाहिलं होतं तो माणूस नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला. आणि शेती सुरू केल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर हिशेब लिहिला. कांद्याचा उत्पादन खर्च, बटाट्याचा उत्पादन खर्च, बैलासकट, मजुरीसकट. मग 'वारकरी' हे साप्ताहिक, मग सभा, मग रस्त्यावर बसणं. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत लाल बिल्ला लावून जी माणसं त्यांच्यामागे गेली त्यांच्याकडे फोन नव्हता. पण एका क्विंटल कापसाला आपल्याला काय खर्च येतो हे त्यांना सांगता येत होतं. आज ज्याच्या हातात पंधरा हजारांचा फोन आहे त्या पोराला विचारा, तुझ्या बापाला यंदा क्विंटलमागे किती खर्च आला? तो फोन काढतो. फोनमध्ये ते नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप प्रत्येक गावात आहेत. एका गावात चार-चार आहेत, आणि चारही पक्षांप्रमाणे वाटलेले. त्यातल्या निम्म्यांत फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. त्याला ग्रुप म्हणू नका, ती दवंडी आहे. आणि जुना दवंडीवाला तरी पारापाशी थांबून चार माणसांचं ऐकायचा. २०१४ च्या २० मार्चला याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या दाभडीत, लोकसभेच्या प्रचारातली 'चाय पे चर्चा' झाली. देशभर शेकडो ठिकाणी दाभडी पडद्यावर दिसली. शेतकऱ्याला एवढा मोठा पडदा त्याआधी कधी मिळाला नव्हता. पण पडदा ज्याचा असतो तो गुंडाळून नेतो. दाभडीची माणसं पुढे कित्येक वर्षं पत्रकारांना तेच सांगत राहिली, पत्रकार आले की.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते सरकारकडे नाही. वही काढा. गावातल्या प्रत्येक घरामागे एक ओळ. किती एकर पऱ्हाटी, किती क्विंटल झाला, कुणाला दिला, काय भावाने, कटती किती लावली, चुकारा किती दिवसांनी आला. पाहणी चढली की नाही. स्लॉट मिळाला की नाही. आणि ही वही कपाटात ठेवू नका, मोठ्याने वाचा. चावडी वाचन हा शब्द आपलाच आहे. २०१७ च्या माफीच्या याद्याही चावडीवर वाचल्या होत्या, पण त्या सरकारच्या होत्या. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात हजेरीपट मिळवून भर गावात वाचले, आणि मेलेल्या माणसांच्या नावाने मजुरी उचललेली बाहेर पडली. माहितीच्या अधिकाराची चळवळ त्या वाचनातून उभी राहिली. वाचून झालं की मग त्या पानाचा फोटो काढा आणि खुशाल पाठवा, आमदाराला, कलेक्टरला, शेजारच्या गावाला. तेव्हा त्या फोनला वजन येईल.

जमणार नाही म्हणणाऱ्याने दिवाळीनंतर एक संध्याकाळ वेचणीच्या वावरात घालवावी. मी गेल्या हंगामात घालवली.

दिवस कलला होता. पंधरा-सोळा बायकांची टोळी, दोघी कोलामांच्या पोडातल्या, बाकी गावच्या. ओटीतला कापूस गाठोड्यात बांधून सगळ्या धुऱ्यापाशी आल्या. निंबाच्या फांदीला काटा टांगला होता. टोळीचा सगळ्यांत मिळून एक फोन, तोही बटनांचा, पुढारी बाईच्या कमरेच्या पिशवीत. दुपारी त्यावर पलीकडच्या गावातून खबर आली होती की तिकडे वेचाई किलोमागे एक रुपयाने वाढली. फोन पिशवीत गेला, आणि जेवायला बसल्या जागीच सगळ्यांचं ठरलं. उद्यापासून इथेही तेवढेच, नाही तर ऑटो उद्या तिकडे वळेल. मालकाने थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. त्याला दुसरी टोळी मिळणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मग वजन सुरू झालं. सातवी-आठवीतली एक पोरगी दोनशेपानी वही मांडीवर घेऊन बसली होती. गाठोडं काट्याला लागलं की आकडा मोठ्याने बोलला जायचा, नाव मोठ्याने बोललं जायचं, ती बाई "हाव" म्हणायची आणि मगच पेन चालायचं. एकीचा आकडा चुकला. चार जणी एकदम बोलल्या. गाठोडं पुन्हा काट्याला लागलं.

मालक काट्याशेजारी उभा होता. त्याच्या हातात मोठ्या पडद्याचा फोन होता आणि सीसीआयच्या स्लॉटचं चक्र फिरत होतं. अंधार पडला तशी पोरीला ओळी दिसेनात. तिने वर बघितलं.

"काका, जरा बॅटरी लावा ना जी."

त्याने स्लॉट बंद केला आणि वहीवर उजेड धरला.